उत्क्रांतिवृक्षाच्या फांदीत नेमकं काय असतं?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पीएच.डी.च्या मुलाखतीला गेले होते. कुठे ते राहू द्या. प्रोजेक्टरवर माझ्याच एम.एस्सी. प्रबंधातला उत्क्रांतिवृक्ष लावलेला होता. मी जीन कोणता वापरला, सॉफ्टवेअर कोणतं, मॉडेल कोणतं, बूटस्ट्रॅप किती वेळा चालवला, सगळं धडाधड सांगितलं. समोरच्या सरांनी ऐकून घेतलं आणि पेन्सिलीचं टोक स्क्रीनवरच्या एका आडव्या रेघेवर ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "सर, ही फांदी. दोन प्रजातींमधला संबंध दाखवते."

"संबंध म्हणजे काय? या रेघेच्या मधोमध मी बोट ठेवलं तर बोटाखाली काय आहे?"

मला उत्तर आलं नाही. निवडही झाली नाही. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून चांदूर येईपर्यंत मी त्याच प्रश्नाला चघळत होते. दोन वर्षं झाडं काढत होते, पण झाडातली रेघ म्हणजे काय हे स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्यापैकी जे नेट, सेट, पेटच्या तयारीत आहेत किंवा एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी पहिल्यांदाच झाड बनवताहेत, त्यांच्यासाठी हा लेख. सॉफ्टवेअर कसं चालवायचं हे यात सांगणार नाही. झाड समोर आल्यावर ते वाचायचं कसं, एवढंच बघू. आणि उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ: मेळघाटातला रानपिंगळा.

वंशावळ आणि उत्क्रांतिवृक्ष: दिसतात सारखे, वाचायचे वेगळे

जात पडताळणीसाठी वंशावळ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी काढली आहे. वर खापरपणजोबा, खाली पणजोबा, त्यांची तीन मुलं, मग आजोबा, बाबा आणि सगळ्यात खाली आपण. त्या कागदावर माणसं म्हणजे नावं. नावांना जोडणाऱ्या रेघा फक्त "याचा मुलगा तो" एवढं सांगतात. रेघेच्या मधोमध बोट ठेवलं तर खाली कोणीच नसतं. कोरा कागद असतो.

गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण आपण उत्क्रांतिवृक्षही तसाच वाचतो. पण तिथे हिशोब उलटा आहे. तिथे जीव रेघेत असतात. फांदी म्हणजे पिढ्यांची अखंड साखळी: एक अख्खी पॉप्युलेशन, तिच्यातले हजारो नर-माद्या, त्यांची पिल्लं, त्यांची पिल्लं, अशी लाखो वर्षं. तुम्ही फांदीच्या मधोमध बोट ठेवता तेव्हा बोटाखाली एका विशिष्ट काळात जगलेले, खाणारे-पिणारे, अंडी घालणारे खरे जीव असतात. त्यांना नाव नसतं, बहुतेक वेळा त्यांचं जीवाश्मही मिळालेलं नसतं, पण ते होते. नसते तर टोकाचा पक्षी आज झाला नसता.

मुलाखतीत मला हे एक वाक्य सांगायचं होतं: फांदी म्हणजे वंशरेषा, काळातून पुढे सरकत जाणारी पॉप्युलेशन.

यात नवीन काही नाही. डार्विनच्या १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये अख्ख्या पुस्तकात एकच आकृती आहे आणि ती झाडाची आहे. त्यात त्याने आडव्या रेषा आखल्या आणि सांगितलं की दोन रेषांमधलं अंतर म्हणजे हजार पिढ्या समजा, दहा हजार समजल्या तर आणखी बरं. म्हणजे त्या आकृतीतल्या प्रत्येक फांदीला पिढ्यांचं माप होतं.

मग बाकीच्या भागांचा अर्थ आपोआप लागतो.

गाठ, म्हणजे नोड: एका वंशरेषेच्या दोन झाल्या ती जागा. बरेच जण तिला "पूर्वज प्रजाती" म्हणून मोकळे होतात. पूर्वज गाठीवर अचानक उगवत नाही. गाठीकडे येणारी अख्खी फांदी पूर्वजांचीच असते. गाठ म्हणजे त्या पूर्वज पॉप्युलेशनचा, फाटाफूट होण्याआधीचा शेवटचा क्षण.

टोक: तुम्ही प्रत्यक्ष घेतलेला नमुना. रक्ताचा थेंब, पंख, संग्रहालयातल्या कातड्याचा तुकडा. त्यावर आपण प्रजातीचं नाव लिहितो, पण झाडात शिरतो तो नमुना. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मूळ, म्हणजे रूट: या झाडातल्या सगळ्यांचा सामायिक पूर्वज ज्या बाजूला आहे ती बाजू. मूळ ठरलं की काळाची दिशा ठरते. मूळ नसलेल्या झाडात कोण आधी फुटलं हे सांगताच येत नाही. म्हणून आपण बाह्यगट घेतो, म्हणजे नात्यात नक्की बाहेरचा आहे हे आधीपासून माहीत असलेला एखादा जीव.

रानपिंगळ्याची कथा

पिंगळा तुम्ही पाहिला असेलच. आमच्या घरामागच्या कडुनिंबावर जोडी असते. तिन्हीसांजेला कचकच सुरू होते. हा साधा ठिपकेवाला पिंगळा, अथीन ब्रामा. रानपिंगळा वेगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, चोच आणि पंजे दणकट, पायांवर दाट पांढरी पिसं, आणि तो दिवसाही राजरोस शिकार करतो.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नमुना डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात ब्लेविट यांनी मिळवला होता, म्हणून प्रजातीचं नाव ब्लेविटी. ह्यूमना हा पक्षी इतका वेगळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती-कुल, म्हणजे जीनस, काढलं: हेटेरोग्लॉक्स. १८८४ पर्यंत एकूण सात नमुने मिळाले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला.

मध्ये एक नमुना आला होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवल्याची नोंद होती. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो जुनाच, दुसऱ्या संग्राहकाने १८८० च्या दशकात गोळा केलेला नमुना चोरून, पुन्हा भरून, खोटं लेबल लावून ठेवला होता. ही नोंद खरी मानून लोकांनी चुकीच्या जागी शोध घेतला होता. ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटात, यावलला, मध्य प्रदेशात खंडव्याच्या बाजूला आणि पुढे ठाणे-पालघरकडे तानसाच्या जंगलातही मिळाला. आपलं मेळघाट हे त्याच्या मोजक्या भरवशाच्या घरांपैकी एक.

टोक म्हणजे नमुना हे वाक्य आठवा. लेबल खोटं असेल तर झाडाचं गणित कितीही बरोबर असू द्या, वाचन चुकणार. जीनबँकेतून सिक्वेन्स उतरवून घेता ना? तो कोणाच्या, कुठल्या, कोणत्या संग्रहालयातल्या नमुन्याचा आहे हे एकदा तरी बघत जा.

आता मुख्य प्रश्न. रानपिंगळा खरंच वेगळ्या जीनसचा, की अथीनचाच एक भाऊ? ह्यूम म्हणाले वेगळा. नंतरच्या अनेकांनी त्याला अथीनमध्ये टाकलं. १९९९ मध्ये रासमुसेन आणि कॉलर यांनी हाडं, ठेवण वगैरे बघून पुन्हा हेटेरोग्लॉक्सची बाजू घेतली. शंभर वर्षांहून जुना वाद. २०१८ मध्ये पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी आणि व्ही. व्ही. रॉबिन यांनी 'प्लॉस वन'मध्ये त्यावर डीएनएचं उत्तर दिलं. मायटोकॉन्ड्रियल आणि केंद्रकीय, दोन्ही प्रकारची जनुकं वापरून त्यांनी झाड काढलं. निष्कर्ष असा: रानपिंगळा आज अथीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखेच्या आतच बसतो. पण त्याच रानात शेजारी राहणारा ठिपकेवाला पिंगळा त्याचा सर्वात जवळचा नातेवाईक नाही. रानपिंगळ्याची फांदी साधारण ४० ते ६० लाख वर्षांच्या दरम्यान वेगळी झाली.

हे तीन निष्कर्ष समजायला झाडाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी वाचाव्या लागतात: आकार, लांबी आणि भरवसा. एकेक घेऊ.

पहिलं: आकार. शेजार म्हणजे नातं नाही

झाडाचा आकार कंसात लिहायची एक पद्धत आहे, न्यूइक. १९८६ मध्ये काही शास्त्रज्ञ अमेरिकेत न्यूइक्स नावाच्या हॉटेलात जेवायला बसले आणि तिथे ती ठरली, म्हणून हे नाव. चार प्रजाती घ्या:

((अ,ब),(क,ड));

अर्थ: अ आणि ब यांचा एक खास सामायिक पूर्वज, क आणि ड यांचा एक, आणि मग त्या दोन जोड्यांचा मिळून एक. आता हे बघा:

((ब,अ),(ड,क));

हे झाड वेगळं आहे? नाही. तेच आहे. गाठीभोवती फांद्या फिरवल्या, बाकी काही नाही. पहिल्या चित्रात ब आणि क टोकाला एकमेकांशेजारी आहेत, दुसऱ्यात अ आणि ड. टोकांचा क्रम वरून खाली वाचून "हा याच्या जवळचा" म्हणायची सवय मोडा. नातं बघायचं तर दोन्ही टोकांपासून मुळाकडे मागे चालत जा आणि ते पहिल्यांदा कुठल्या गाठीत भेटतात ते बघा. जितकी अलीकडची गाठ, तितकं जवळचं नातं. एवढंच.

याच नियमाने रानपिंगळ्याचा वाद सुटतो. रानपिंगळ्यापासून मागे चालत गेलात तर तो काही अथीन प्रजातींना ज्या गाठीत भेटतो, ती गाठ अथीनच्या सर्वात जुन्या गाठीच्या आत येते. म्हणजे काही अथीन प्रजातींचं रानपिंगळ्याशी नातं हे त्यांच्या दुसऱ्या अथीन भावंडांशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचं. आता त्याला एकट्याला हेटेरोग्लॉक्स म्हणून बाहेर काढलं, तर उरलेलं अथीन म्हणजे वंशावळीतून एक मुलगा गाळून "हे पूर्ण कुटुंब" म्हणण्यासारखं. १९५० मध्ये विली हेनिग यांनी मांडलेल्या शिस्तीप्रमाणे नाव द्यायचं तर पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज मिळून द्यायचं, मधलं कोणी गाळायचं नाही. म्हणून आता बऱ्याच याद्यांत तो अथीन ब्लेविटी असतो.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे पूर्वी सिटाना या एकाच जीनसमध्ये होते. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी झाड काढलं तर त्यात दोन स्वच्छ वेगळ्या शाखा दिसल्या. एका शाखेला त्यांनी नवं नाव दिलं: सरडा. होय, आपला मराठी शब्दच जीनसचं नाव झाला. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा सरडा सुपर्बा त्यातलाच. एका झाडाने नाव मिटवलं, एका झाडाने नाव दिलं. फांद्या निसर्गाच्या, नावाचे कंस आपले. पण कंस कुठे टाकायचा नाही हे फांद्या सांगतात.

आणखी एक. "रानपिंगळा हा आदिम पक्षी आहे", "ही प्रजाती बेसल आहे" असली वाक्यं प्रबंधात लिहू नका. आज जिवंत असलेली सगळी टोकं एकाच वयाची असतात, म्हणजे आजची. मुळापासून प्रत्येक टोकापर्यंत सारखाच काळ गेलेला आहे. एखाद्या बाजूला टोकं कमी आहेत म्हणून ती बाजू जुनी होत नाही. आबाजीच्या एका भावाला एकच मुलगा आणि दुसऱ्याला पाच, म्हणून एकुलता एक चुलता काही जास्त प्राचीन होत नाही.

दुसरं: लांबी. किलोमीटर की तास?

चांदूर रेल्वेचं नावच रेल्वेवरून ओळखलं जातं, म्हणून हे उदाहरण मला सोपं जातं. बडनेरा जंक्शन घ्या. मुंबईकडून येणारा रूळ, तिथे फाटा, एक अमरावतीकडे, एक आपल्याकडे. रूळ म्हणजे वंशरेषा, जंक्शन म्हणजे गाठ. (गाडी परत फिरते, उत्क्रांती परत फिरत नाही. उपमा तेवढ्यापुरतीच.)

आता रेल्वेचा नकाशा तीन प्रकारे काढता येतो. एक: फक्त कोणतं स्टेशन कुठल्या फाट्यावर, अंतरं मनाला येतील तशी. दोन: रेघेची लांबी किलोमीटरच्या प्रमाणात. तीन: रेघेची लांबी प्रवासाच्या तासांच्या प्रमाणात. तिन्ही नकाशे खरे, पण पहिल्यावर पट्टी ठेवून अंतर मोजायला गेलात तर फसाल.

झाडांचंही तसंच. पहिला प्रकार क्लॅडोग्राम. त्यात लांबीला काहीही अर्थ नाही, फक्त फाटे खरे. दुसरा फायलोग्राम. त्यात फांदीची लांबी म्हणजे त्या वंशरेषेत झालेला बदल, सहसा "दर जागेमागे किती अक्षरबदल" या मापात. तिसरा क्रोनोग्राम, काळाच्या प्रमाणातला. त्यात लांबी म्हणजे वर्षं, आणि सगळी जिवंत टोकं एका सरळ रेषेत येतात.

झाड समोर आलं की सगळ्यात आधी खाली कोपऱ्यातली स्केल बार बघा. नसेल, तर लांबीबद्दल तोंड उघडू नका. असेल, तर तिच्याखाली ०.०२ असं काही लिहिलंय की दशलक्ष वर्षं लिहिलंय ते बघा. ०.०२ म्हणजे १०० जागांमागे सरासरी २ बदल.

एक गणित करू. आकडे समजावण्यापुरते माझेच आहेत, खऱ्या पक्ष्यांचे नाहीत:

((अ:०.०१,ब:०.०९):०.०१,क:०.०३);

प्रत्येक नावापुढचा आकडा म्हणजे त्याच्याकडे येणाऱ्या फांदीची लांबी. अ ते ब अंतर काढायचं तर वाटेतल्या फांद्या मिळवा: ०.०१ अधिक ०.०९, म्हणजे ०.१०. अ ते क: ०.०१ अधिक मधली ०.०१ अधिक ०.०३, म्हणजे ०.०५.

थांबा. नीट बघा. अ चा डीएनए क शी जास्त मिळतो, ब शी कमी. पण अ चा जवळचा नातेवाईक कोण? ब. कारण दोघं अलीकडच्या गाठीत भेटतात. ब ची फांदी लांब झाली, म्हणजे त्या वंशरेषेत बदल झपाट्याने साठले. सायटोक्रोम बी हे जनुक पक्ष्यांत साधारण ११४० अक्षरांचं असतं. तेवढ्या लांबीवर ब च्या फांदीत सुमारे १०३ बदल झाले आणि अ च्या फांदीत सुमारे ११. वेळ मात्र दोघांना अगदी सारखा मिळाला. एक्सप्रेस आणि पॅसेंजर बडनेऱ्याहून एकाच वेळी सुटल्या तर तासाभराने त्यांचे किलोमीटर वेगळे असणारच.

जास्त साम्य आणि जवळचं नातं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे रानपिंगळ्याच्या वादाचंही मूळ. त्याचा दणकट पंजा, बिनठिपक्यांचं डोकं बघून वाटतं की हा फार दूरचा. पण वेगळं दिसणं हे त्या एका फांदीवर काय घडलं ते सांगतं. फांदी कुठून फुटली ते सांगत नाही. भाऊ शहरात जाऊन कितीही बदलला तरी भाऊच राहतो.

इथे दोन बारकावे आहेत, मुलाखतीत विचारतात. एक, फायलोग्राममधली लांबी म्हणजे डोळ्यांनी मोजलेला फरक नाही, तो अंदाज आहे. एकाच जागेवर आधी अ चा ग आणि मग ग चा त झाला तर आपल्याला एकच बदल दिसतो, झालेले असतात दोन. मॉडेल हे झाकलेले बदल धरून लांबी काढतं. म्हणून मॉडेल बदललं की फांदीही थोडी लांब-आखूड होते. दोन, बदलावरून वर्षं काढायची तर गती माहीत हवी. १९६० च्या दशकात झुकरकँडल आणि पॉलिंग यांनी रेण्वीय घड्याळाची कल्पना मांडली, पण घड्याळ सगळीकडे एकाच गतीने चालत नाही. म्हणून जीवाश्म किंवा तशी दुसरी पक्की खूण वापरून ते लावून घ्यावं लागतं. त्यामुळे वय नेहमी पट्ट्यात येतं. "४० ते ६० लाख" ही टाळाटाळ नाही, तेच प्रामाणिक उत्तर आहे. प्रबंधात मधला एकच आकडा उचलून लिहिणारे विद्यार्थी परीक्षकाच्या हाती आयतेच सापडतात.

तिसरं: भरवसा. आखूड फांदी जपून वाचा

गाठींवर ९८, ७४, ५१ असे आकडे असतात. बूटस्ट्रॅप. १९८५ मध्ये जोसेफ फेल्झेनस्टाइन यांनी ही पद्धत झाडांसाठी आणली. तुमच्याच डेटातल्या जागा पुन्हा पुन्हा चिठ्ठ्यांसारख्या उचलून शेकडो नवे डेटा बनवायचे, प्रत्येकाचं झाड काढायचं, आणि तो गट शंभरातून किती वेळा आला ते मोजायचं. आकडा लिहिलेला असतो गाठीवर, पण तो बोलतो गाठीकडे येणाऱ्या आतल्या फांदीबद्दल: "ही फांदी खरंच होती, असं हा डेटा किती ठामपणे म्हणतो?" म्हणून ५१ असेल तर ती फांदी नाहीच असं समजून वाचलेलं बरं.

पण आकडा ९८ असला तरी एक फट राहते. तुम्ही एका जनुकाचं झाड काढलं असेल, तर ते जनुकाचं झाड आहे. प्रजातींचं झाड तेच असेल असं नाही. हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. शेवटी बियाण्याच्या उदाहरणाने कळलं.

एका शेतकऱ्याच्या घरात तुरीचं बियाणं आहे, लाल आणि पांढरं मिसळलेलं. तीन मुलं. आधी मोठा वेगळा निघाला, मिसळलेल्या बियाण्याचा वाटा घेऊन. दुसऱ्याच वर्षी मधला आणि धाकटा वेगळे झाले. तेव्हाही घरात दोन्ही वाण होतेच. पुढे पाच-पन्नास वर्षांत प्रत्येकाकडे योगायोगाने एकेकच वाण उरलं: मोठ्याकडे पांढरं, धाकट्याकडे पांढरं, मधल्याकडे लाल. आता फक्त बियाणं बघून नातं काढलं तर मोठा आणि धाकटा एकत्र येतात. पण घराच्या वाटणीत मधला आणि धाकटा एकत्र होते. बियाणं खोटं बोलत नाही. ते स्वतःचा इतिहास सांगतं, घराचा नाही.

दोन वाटण्यांमध्ये पन्नास वर्षं गेली असती तर? मधल्या काळात घरात बहुधा एकच वाण उरलं असतं आणि गोंधळ झाला नसता. म्हणजे आतली फांदी जितकी आखूड, आणि तीत पॉप्युलेशन जितकी मोठी, तितकी जनुकं आणि प्रजाती यांची झाडं जुळत नाहीत अशी शक्यता जास्त. फांदीत खरे जीव असतात, त्यांची संख्या असते, म्हणून हे घडतं. फांदीला नुसती रेघ मानलं तर हे कधीच समजणार नाही. रानपिंगळ्याच्या अभ्यासात एकापेक्षा जास्त, वेगवेगळ्या वारशाची जनुकं घेतली त्याचं हेच कारण.

याचा उपयोग काय?

रानपिंगळा अजूनही संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. तो एकट्याच्या जीनसमधला असो की अथीनमधला, मेळघाटातल्या ढोलीत त्याला अंडी तितकीच घालायची आहेत. पण संवर्धनात पैसा आणि लक्ष वाटताना लोक झाडं बघतात. कोणती वंशरेषा गेली तर किती इतिहास एका फटक्यात जाईल, हे फांदीच्या लांबीवरूनच मोजतात. अशा वेळी "जीनस गेलं, म्हणजे महत्त्व कमी झालं" असं कोणी म्हणालं तर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे: नाव बदललं, फांदी तेवढीच राहिली. टोकाच्या त्या फांदीत ४० ते ६० लाख वर्षांच्या पिढ्या आहेत. त्या दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात नाहीत, शेजारच्या ठिपकेवाल्या पिंगळ्यातही नाहीत. ते टोक तुटलं तर ती अख्खी रेघ तिथेच संपते.

आता घरचा अभ्यास. कोणताही शोधनिबंध उघडा, झाड काढा आणि लिहायच्या आधी पाच प्रश्न विचारा. मूळ कुठे आहे आणि ते कशावरून ठरवलं? लांबीला अर्थ आहे का, असेल तर बदलाचा की वर्षांचा? मला हवी ती दोन टोकं कुठल्या गाठीत भेटतात? त्या गाठीकडे येणारी फांदी किती आखूड आहे आणि तिच्यावरचा आकडा काय? हे किती जनुकांवरून काढलं आणि टोकांचे नमुने कुठले? पाचही उत्तरं मिळाली तरच त्या झाडाबद्दल वाक्य लिहा. एखादं मिळालं नाही तर तेवढं वाक्य सोडून द्या.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या ठिकाणी मुलाखत दिली. तिथे झाडाबद्दल कोणी काही विचारलंच नाही. मीच आपणहून स्क्रीनवरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "याच्या आत पक्षी आहेत." समोरच्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "बोला, पुढे बोला."